घड्याळ वरच थांबवा

निवृत्त झालेल्या एका कर्नलसाहेबांनी परवा फोनवर माझी हजेरी घेतली. "धोंड्यांवरून पळणं हा खेळ कधीपासून झाला रे? आम्ही पिठ्ठू आणि रायफल घेऊन तेच करत होतो. पदक सोड, वेळेवर चहा मिळायचा नाही!"

सर, आदर राखून सांगतो, खेळ झालाय. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीच्या मारिनो जियाकोमेत्तींनी माँ ब्लाँ आणि मोंते रोझावर शर्यती सुरू केल्या, त्यातून 'स्कायरनिंग' उभं राहिलं. नॉर्वेत ट्रोम्सोच्या शर्यतीत तर काही ठिकाणी वाट अशी नसतेच, मोठमोठे दगड असतात आणि त्यांवरून पळायचं असतं. आपल्याकडेही सह्याद्रीत आणि लडाखात डोंगरी शर्यती वाढताहेत. वाढू द्या. खडकवासल्याला कॅडेट असताना सिंहगडाच्या चकरा मारलेल्या माणसाने याला नाकं मुरडणं शोभत नाही.

माझं भांडण वेगळं आहे. बोल्डरवर उतरणीला घड्याळ लावू नका.

चढताना पाय चुकला तर माणूस हातांवर पडतो, गुडघा सोलटतो, एक शिवी हासडतो आणि पुढे जातो. वेग वाढलाच तर फुप्फुसं ब्रेक लावतात. उतरताना फुप्फुसांना काम नसतं. तिथे ब्रेक एकच, भीती. आणि घड्याळाचं कामच मुळी ती भीती मारणं. डुलत्या दगडावर पाऊल पडलं की थांबायचं नाही, तो कलंडायच्या आत पुढच्या दगडावर असायचं. बघायला हे फार देखणं दिसतं, मीही टाळ्या वाजवल्या आहेत. पण तो कलंडलेला दगड पुढे कुठे जातो? नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेल्यांना वरून आलेली "दगड!" ही आरोळी आठवत असेल.

काही वर्षांपूर्वी लडाखात, साधारण ४,५०० मीटरवर, आम्ही कंपन्यांची शर्यत लावली. मोरेनवरून वरच्या निशाणापर्यंत जायचं आणि परत यायचं. कल्पना माझी, स्टॉपवॉचही माझ्याच गळ्यात. आघाडीला साताऱ्याकडचा एक पोरगा होता. शेवटचं अर्धा किलोमीटर उरलेलं. त्याने एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे म्हणजे घड्याळाकडे. तेवढ्यात पाय दोन दगडांच्या फटीत गेला. अंग पुढे गेलं, पाय मागेच राहिला. नडगीची दोन्ही हाडं.

जे अंतर तो पाच मिनिटांत कापणार होता, त्याला स्ट्रेचरवरून दोन तास लागले. सपाटीवर चौघे पुरतात. बोल्डरवर आठ जण धरतात, आणखी आठ बदलीला चालतात, आणि त्या हवेत दर पन्नास पावलांना थांबावं लागतं. खाली पोचल्यावर सुभेदारसाहेब हळूच म्हणाले, "साहेब, घड्याळ बंद करा." ते तोवर चालूच होतं.

धावपटू मित्र म्हणतात, उतरणं हेच तर या खेळातलं खरं कसब. मान्य. पण फक्त चढणीच्या शर्यतीही याच खेळात आहेत. 'व्हर्टिकल किलोमीटर' म्हणजे जास्तीत जास्त ५ किलोमीटर अंतरात १,००० मीटर चढायचं, आणि घड्याळ वर थांबतं. त्याला कुणी कमी प्रतीचं म्हणत नाही. मऊ मातीच्या, मळलेल्या वाटेवर खुशाल उतरणीची वेळ घ्या. मोरेनवर नको. आणि ज्या आयोजकाला तिथे सोळा माणसं उभी करता येत नाहीत, त्याने तिथे चढणीची शर्यतसुद्धा लावू नये. जाहिरातीत 'एक्स्ट्रीम' लिहायला एक माणूस पुरतो, हे मला ठाऊक आहे.

आमच्याकडे आता वेळ वरच्या निशाणापाशी घेतात. खाली येताना एकेकाला अंतर ठेवून सोडतात. जवान कुरकुरतात. गेल्या खेपेला एका लान्स नायकाने तोंडावर विचारलं, "साहेब, उतरताना मी सगळ्यांना मागे टाकतो, माझं काय?" त्याचं म्हणणं खरं होतं. तरी मी त्याला तिसराच नंबर दिला.