रक्त मिळाले, पण लोहाचे काय?

थॅलेसेमिया मेजर झालेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर शरीरात सुमारे २०० मिलिग्रॅम लोह जाते आणि ते बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने केलेली नाही. वर्षाला २० पिशव्या म्हणजे ४ ग्रॅम लोह. निरोगी प्रौढाच्या संपूर्ण शरीरात साधारण तेवढेच असते. हे लोह यकृत, हृदय आणि अंतःस्रावी ग्रंथींत साचते. वाढ खुंटते, वयात येणे लांबते आणि अखेर हृदय थकते.

रक्तातील मेदाचा अहवाल येथे फसवा ठरू शकतो. या मुलांचे कोलेस्टेरॉल बहुधा कमी असते. रक्तपेशी घडवण्याच्या अविरत खटाटोपात ते खर्ची पडते. यकृताची हानीही त्यास कारणीभूत होते. ट्रायग्लिसराइड मात्र अनेकदा वाढलेले आढळते. म्हणूनच कमी कोलेस्टेरॉल पाहून हृदय सुरक्षित असल्याचा दिलासा पालकांनी घेऊ नये. लक्ष हवे ते फेरिटिनवर. ते दर मिलिलिटरमागे २,५०० नॅनोग्रॅमच्या वर दीर्घकाळ राहिल्यास हृदयविकाराचा धोका वाढतो.

लोह बाहेर काढणारी औषधे आहेत. पूर्वी डेफेरॉक्सामिनसाठी रात्र-रात्र सुई टोचून ठेवावी लागे. आता डेफेरिप्रोन, डेफेरासिरॉक्स ही तोंडाने घ्यायची औषधेही मिळतात. मात्र ती वर्षानुवर्षे, खंड न पडता घ्यावी लागतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये थॅलेसेमियाचा समावेश झाला. रक्ताइतक्याच खात्रीने ही औषधे आणि फेरिटिनची तपासणी गरीब मुलालाही मिळते का, हीच त्या हक्काची कसोटी आहे.