गच्चीवर चढल्याशिवाय

छताची यू-व्हॅल्यू किती असावी, हे आपल्यापैकी बहुतेकांना आता पाठ आहे. डिसेंबर २०१८ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरोच्या ‘इको निवास संहिते’चा पहिला भाग आला. त्यात छतासाठी १.२ ही कमाल मर्यादा ठरली. थंड प्रदेश वगळता, भिंती-खिडक्यांतून शिरणाऱ्या उष्णतेला दर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा घातली गेली. २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही ऊर्जा संवर्धन कायद्याच्या कक्षेत आल्या. नियम झाले, आता ते हातात उतरायला हवेत. प्रशिक्षणाची आजची पद्धत पाहता ते लवकर उतरतील, असे आम्हाला वाटत नाही.

साधा १५० मिलिमीटरचा आरसीसी स्लॅब घ्या. दोन्ही पृष्ठभागांचा रोध धरूनही त्याची यू-व्हॅल्यू सव्वातीनच्या आसपास निघते. त्यावर चार इंची ब्रिकबॅट कोबा टाकला तरी ती सव्वादोनच्या फारशी खाली येत नाही, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. तरीही ‘कोबा केलाय, वरचा मजला तापणार नाही’ हे वाक्य मिस्त्रीही बोलतो, सुपरवायझरही बोलतो आणि ग्राहकासमोर आपणही बोलतो. कोब्याचे काम ढाळ देण्याचे आणि पाण्याचा निचरा करण्याचे. उष्णता अडवणे हे त्याचे काम कधीच नव्हते. उलट स्लॅब आणि कोबा मिळून दिवसभराचे ऊन पोटात साठवतात आणि दिवेलागणीनंतर खालच्या खोलीत सोडत राहतात. नागपूर-अकोल्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला हे कुणी सांगावे लागत नाही. त्याचे घर बांधणाऱ्याला मात्र सांगावे लागते, आणि नुसते सांगून भागत नाही.

का भागत नाही, याचे आमच्या माहितीतले सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९७२ पासून न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स या वसाहतीत घरांची मोजमापे घेतली. रॉबर्ट सोकोलो यांचा हा प्रकल्प. घरे रांगेतली, एकाच नकाशाची. प्रश्न एवढाच की हिवाळ्यात ती उबदार ठेवायला इतका गॅस का जळतो. पोटमाळ्यावर इन्सुलेशन होते. सूत्रात घातले की उत्तर बरोबर यायचे. प्रत्यक्षात मात्र उष्णता त्याच्या कितीतरी पट निसटत होती. मग मंडळी पोटमाळ्यात शिरली, तिथले तापमान घेतले, फटी शोधल्या. दोन घरांमधल्या सामायिक भिंतीच्या पोकळ्यांतून आणि धुराड्याभोवतीच्या मोकळ्या जागेतून घरातली गरम हवा इन्सुलेशनला वळसा घालून थेट वर जात होती. गौतम दत्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या शोधाने इमारत-विज्ञानाचे एक पान उलटले. नकाशावर त्या पोकळ्या कुणाला दिसल्या नव्हत्या, कारण नकाशात भिंत ही फक्त दोन रेघा असते.

त्या कामातून ‘हाउस डॉक्टर’ ही पद्धत पुढे आली. दारात पंखा बसवून घरात ५० पास्कलचा दाबफरक निर्माण करायचा, इन्फ्रारेड कॅमेऱ्याने गळती शोधायची आणि तिथल्या तिथे बुजवायची. तिथे आजही अशा कामाचे शिक्षण मुद्दाम फटी ठेवलेल्या नमुना घरांतून दिले जाते. त्याच वसाहतीत आणखी एक गोष्ट दिसली. एकसारख्या घरांतही एका कुटुंबाचा गॅस दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त असे. घर मोजताना त्यात राहणाऱ्यांना विचारावेच लागते, हेही ते संशोधक साइटवर जाऊनच शिकले.

आपली हवा वेगळी, आपली घरेही वेगळी. वर्षातले बरेच महिने आपण खिडक्या उघड्या ठेवून राहतो, तेव्हा हवाबंदपणाचा तिकडचा आग्रह जसाच्या तसा उचलण्यात अर्थ नाही. आपला निसटता पोटमाळा दुसरीकडे आहे: गच्ची, पश्चिमेची भिंत, छज्जा नसलेली खिडकी. मुंबई-कोकणासारख्या उष्ण-दमट पट्ट्यात संहिता उघडणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र चटईक्षेत्राच्या एक षष्ठांश मागते. दोन ट्रॅकची स्लाइडिंग खिडकी निम्मीच उघडते. चौकटीचे माप लिहून मोकळे होणारे नकाशे आमच्याकडे आजही येतात. पावसाळ्यात एसी १८ वर ठेवलेल्या खोलीची पातळ भिंत पलीकडच्या बाजूने ओली होते, तेव्हा वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावले जाते. वास्तविक ते पाणी गळतीचे नसून बाहेरच्या दमट हवेतलेच असते आणि गार भिंतीवर दव धरते. दवबिंदूचा तक्ता आपण सगळ्यांनीच कॉलेजात पाहिला आहे. तो भिंतीवर ओळखायला मात्र कुणी शिकवले नाही.

हातांनी शिकणे म्हणजे काय, ते इन्फ्रारेड थर्मामीटरवरूनच पाहा. अलीकडे हे पिस्तुलासारखे यंत्र अनेक साइटवर दिसते. भर दुपारी ते नव्या चकचकीत पत्र्यावर रोखले की आकडा फसवा, भलताच कमी येतो. पत्र्याला मात्र हात लावता येत नाही. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फारशी किरणांवाटे सोडत नाही; यंत्राला दिसते ते बरेचसे त्यात पडलेले आकाशाचे प्रतिबिंब. त्याच पत्र्यावर वायरमनची काळी टेप बोटभर चिकटवायची, ती तापू द्यायची आणि टेपवर नेम धरायचा. मग खरा आकडा मिळतो. एमिसिव्हिटीवरच्या तासाभराच्या व्याख्यानाने जे होत नाही, ते या टेपच्या तुकड्याने दोन मिनिटांत होते. तसेच उदबत्तीचे. खिडक्या लावून घ्या, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट सुरू करा आणि धूर स्विचबोर्डापाशी, एसीच्या पाइपच्या भोकापाशी, चौकटीच्या कोपऱ्यांशी धरा. हवा कुठून येते, ते धूर दाखवतो. यंत्रसामग्री नाही म्हणून अडून बसायला जागा उरत नाही.

आजची बहुतेक प्रशिक्षणे वातानुकूलित सभागृहात होतात. तिथे आर्किटेक्ट असतात, सल्लागार असतात, प्रमाणपत्र मिळते, गटाचा फोटो निघतो. मिस्त्री नसतो, आणि आमची खरी तक्रार ही आहे. गच्चीवर इन्सुलेशनचे बोर्ड टाकणारा तोच. पाइपाभोवती बोर्ड नीट बसत नाही म्हणून थापीने तोडतो आणि उरलेली फट माल भरून बुजवतो. फट राहू नये, अशीच त्याची शिकवण. पण मालाची ती पट्टी उष्णतेला मोकळी वाट देते. चाळीस मिलिमीटरच्या चांगल्या बोर्डांत क्षेत्रफळाच्या पाच टक्के अशा पट्ट्या राहिल्या, तर साध्या गणिताने छतातून येणारी उष्णता सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढते. पॅरापेटच्या मुळाशी शिरणारी उष्णता आणखी वेगळी. दोष मिस्त्रीचा नाही. थर का टाकायचा, हे त्याला कुणी सांगितलेलेच नाही. सांगितले तर तोच बोर्ड कापण्याची आपल्याला न सुचलेली युक्ती काढील. त्याच्याइतकी गच्ची आपल्यापैकी कुणी हाताळली आहे?

या देशात असे शिक्षण होऊच शकत नाही, असेही नाही. ऑरोविलच्या अर्थ इन्स्टिट्यूटमध्ये कितीतरी वर्षे शिकायला येणारा माणूस माती मळतो, विटा दाबतो, कमान रचतो. इंजिनिअर आणि गवंडी एकाच ढिगाशी उभे असतात. ऊर्जेच्या बाबतीत तसेच एक घर प्रत्येक जिल्ह्यात हवे. फार मोठे नको. आयटीआय किंवा पॉलिटेक्निकच्या आवारात एकाच मापाच्या चार लहान खोल्या पुरेत: एकीवर नुसता स्लॅब, दुसरीवर कोबा, तिसरीवर कोबा आणि वर पांढरा चायना मोझॅक, चौथीवर बोर्डाचे इन्सुलेशन. मे महिन्यात रात्री नऊ वाजता विद्यार्थ्याने चारही खोल्यांत दहा-दहा मिनिटे बसावे आणि मग छताच्या आतल्या बाजूचे तापमान घ्यावे. दरवर्षी नव्या तुकडीने एक खोली उकलावी आणि पुन्हा बांधावी. उकलताना जे कळते ते बांधताना कळत नाही. बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी उपकराचा निधी जमा होतो. मिस्त्रींच्या अशा शिबिरांना त्यातून त्या दिवसांची मजुरी मिळायला हवी. रोजगार बुडवून शिकायला या, असे त्यांना सांगणे अन्यायाचे आहे.

सरकारी घर उभे राहीपर्यंत थांबायचे कारण नाही. येत्या उन्हाळ्यात ज्यांच्या हाती गच्चीचे काम आहे, त्यांनी इन्सुलेशन किंवा पांढरा थर टाकण्यापूर्वीचा एक आणि टाकल्यानंतरचा एक, असे दोन निरभ्र दिवस निवडावेत. दोन्ही दिवशी दुपारी तीन, सायंकाळी सात आणि रात्री दहा वाजता गच्चीचा पृष्ठभाग, खोलीच्या छताची आतली बाजू आणि सावलीतली बाहेरची हवा, अशी तीन तापमाने लिहावीत. स्लॅबची जाडी, वरचे थर, खोलीची उंची आणि पंखा-एसी चालू होता का, हेही नोंदवावे. काम करणाऱ्या मिस्त्रीचे नाव त्याच्या परवानगीने सोबत द्यावे. नोंदी त्याच्याही नावाने छापू. आकडे अपेक्षेपेक्षा वाईट आले तरी पाठवा. पुढच्या चार अंकांत त्यासाठी पाने राखून ठेवली आहेत.