तिकीट अर्धे, दिवस पुरा



मे महिना सरत आला की आपल्या रत्नागिरीकडे घराघरांत आगोटची यादी निघते. मीठ, चिंच, मिरची, सुके मासे, कांद्याच्या माळा, ताडपत्री, भाताचे बियाणे, खताच्या गोण्या. यादी एक असते, पण तिच्यावर बोलणारे चार असतात. एकाला हातखंब्याला दोन रुपये कमी लागतात हे ठाऊक असते. दुसरा शहरातल्या आठवडा बाजाराचे नाव घेतो. तिसरा म्हणतो, घाट चढून कोल्हापूरलाच जाऊ, मिरची आणि गूळ एकदम आणू. आणि घरातला कॉलेजात जाणारा मुलगा हातातला फोन पुढे करून सांगतो, "थांबा, रविवारी सेल आहे." या चौघांच्या बोलण्यात दोन गोष्टी होतात. खरेदी लांबते आणि पाऊस जवळ येतो.

आज त्यावरच बोलू. चार पैसे वाचवण्यासाठी धावावे की धावू नये? या बाबतीत उपदेश करण्याचा मला अधिकार नाही, कारण धावणाऱ्यांत पहिला मीच. म्हणून आधी माझी फजिती ऐका.

आमचे भात पन्नास गुंठ्यांचे. रोहिणी नक्षत्र लागले की आम्ही धूळवाफ पेरतो. त्या वर्षी बियाण्याच्या दहा किलोच्या दोन पिशव्या हव्या होत्या, आणि गावच्या दुकानात त्या तयार होत्या. पैसे काढणार, तेवढ्यात शेजारचे दादा म्हणाले, "शहरात पिशवीमागं साठ रुपये कमी लावतायत." पैसे पुन्हा खिशात गेले.

पहिल्या खेपेला दुकानदार म्हणाला, "काका, माल संपला. परवा गाडी येईल." रिकाम्या हाताने घरी कसे जायचे, म्हणून चार दुकानांत फवारणीच्या पंपाचे भाव विचारत हिंडलो. पंप मला घ्यायचाच नव्हता. दुसऱ्या खेपेला गाडी आली होती, पण मला हवा तो वाण तिच्यात नव्हता. तिसऱ्या खेपेला पिशव्या मिळाल्या. त्या मांडीवर घेऊन एसटीत बसलो आणि हातखंबा मागे पडला तशी काचेवर सर आली. वळवाचा शिडकावा असेल, म्हणून मनाची समजूत घातली. तो शिडकावा नव्हता. चार दिवस पाऊस हटला नाही.

शेजाऱ्यांचे बी कोरड्या मातीत वाट पाहत होते, ते त्या पावसावर उगवून आले. आम्हाला बी भिजवून, मोड आणून चिखलात पेरावे लागले. रोपे दहा दिवस मागे पडली. लावणीला आमच्याकडे सावड असते. आज तुमच्या शेतात, उद्या आमच्या. आमची रोपे हाताला आली तोवर सावडीतली निम्मी माणसे दुसऱ्या कामाला लागली होती. शेवटी पाचशे रुपये रोजाने आठ मजूर लावले.

आता हिशेब मांडा. वाचले १२० रुपये. एसटीच्या तीन खेपांचे गेले २४० आणि चहा-वड्याचे दीडशे. म्हणजे दिवसांची किंमत धरली नाही तरी २७० रुपये पदरचेच गेले. त्यावर मजुरीचे चार हजार. आमच्या घरी यावर भांडण झाले नाही. ही एवढेच म्हणाली, "अहो, ते एकशेवीस रुपये कुठं ठेवलेत? जपून ठेवा, पुढच्या वर्षी धूळवाफेला पेरू."

घोडे मेले ओझ्याने आणि शिंगरू मेले हेलपाट्याने, असे आपले वाडवडील म्हणत. पाठीवर ओझे नसताना नुसत्या येरझाऱ्यांनी थकलेले ते शिंगरू म्हणजे मी.

हे पुरुषांचे झाले. बायकांचे निराळे आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले. त्याआधी, ऑगस्ट २०२२ पासून, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास मिळाला. चांगली गोष्ट झाली. लेकी माहेरी येऊ लागल्या, म्हाताऱ्यांचे दवाखाने सोपे झाले. पण त्याबरोबर घरात एक नवे वाक्यही आले, "तुझं तिकीट अर्धं आहे, तूच जाऊन ये." आणि आजीला तर तिकीटच नाही, म्हणून पाच किलो कांद्यासाठी आजी शहरात!

माउलींनो, तिकीट अर्धे झाले, पण दिवस अर्धा झालेला नाही. तो सकाळच्या गाडीपासून संध्याकाळच्या गाडीपर्यंत पुराच जातो. आणि तो कोणत्या महिन्यातला दिवस आहे हेही बघा. मेच्या अखेरीला घरोघरी आमसुले चालू असतात. कोकमाची साल रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. त्याला लागोपाठ चांगली उन्हे लागतात. फणसाची साठे, पापड, कुरडया यांनाही तेच ऊन हवे. तुम्ही शहरात वीस रुपये वाचवत उभ्या, आणि अंगणातली साल न उलटता तशीच पडलेली. ते ऊन कुठल्याही दुकानात सवलतीने मिळत नाही.

कोणी म्हणेल, "म्हणजे काटकसर करू नये की काय?" तसे मी म्हणत नाही. ज्या घरात महिन्याचा पैसा मोजून येतो, तिथे दहा रुपये म्हणजे दहाच रुपये असतात. शिवाय बाजाराला जाणे म्हणजे नुसती खरेदी नव्हे. वाटेत बहीण भेटते, मैत्रीण भेटते, घराबाहेरचा वारा लागतो. त्याची किंमत मी लावणार नाही. त्यासाठी जरूर जा, पण मग बहिणीला भेटायला जाते म्हणून जा. भेंडी स्वस्त आहे असे निमित्त सांगावे लागू नये.

आता सवलत म्हणजे काय ते जरा उलगडून पाहू. पाकिटावर छापलेली किंमत ही सगळे कर धरून जास्तीत जास्त किंमत असते. तिच्यापेक्षा कमी घ्यायला दुकानदार नेहमीच मोकळा असतो. तेव्हा "वीस टक्के सूट" ही पाटी छापील किमतीशी ताडून काय उपयोग? आपल्या वाडीवरचा दुकानदार काय घेतो, त्याच्याशी ताडा. पुष्कळदा फरक टक्क्याचा न राहता दोन-पाच रुपयांचा उरतो. कधी पैसे कमी दिसतात, पण मालही कमी झालेला असतो. गोडेतेलाची पिशवी हातात घेतली की आपण ती लिटरचीच समजतो. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. पिशवीवर ८०० ग्रॅम लिहिले असेल, तर स्वस्त काय झाले? आधी वजन वाचा, मग किंमत.

काही वस्तूंमागे तर धावण्यात अर्थच नाही. युरियाची ४५ किलोची गोणी सरकारी दराने २६६ रुपये ५० पैशांना. गावात तीच, शहरातही तीच. तिथे भावापेक्षा पक्की पावती मागणे महत्त्वाचे. बियाण्याचेही तसेच. पिशवीवरची खूणचिठ्ठी पाहा. प्रमाणित बियाण्याला निळी चिठ्ठी असते, सत्यप्रत बियाण्याला हिरवी. पावती आणि चिठ्ठी पीक घरात येईपर्यंत जपा.

फोनवरच्या बाजाराला तिकीट लागत नाही, हे खरे. पण तो बाजार कधी उठतही नाही. माझ्या पुतण्याने पेंढ्याच्या उडवीवर घालायच्या ताडपत्रीसाठी आठ रात्री फोन चाळला. भाव चाळीस रुपये खाली आला, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर गेला. तो सकाळी गोठ्यात असला तरी मन ताडपत्रीच्या भावात. शेवटी उडवीचा वरचा थर भिजला, तेव्हा गावातूनच ताडपत्री आणली.

मग धावावे कशासाठी? जिथे रक्कम मोठी आणि वेळ मोकळा, तिथे जरूर धावा. पॉवर टिलरसारखे अवजार घ्यायचे असेल, तर लहान आणि अल्पभूधारक शेतकऱ्याला, तसेच महिला शेतकऱ्याला, सरकारी योजनेतून ठरलेल्या मर्यादेपर्यंत निम्मे अनुदान मिळू शकते. त्यासाठी महाडीबीटीवर अर्ज करण्यात आणि कागदपत्रे जमवण्यात चार दिवस गेले तरी ते सत्कारणी लागले. फक्त एक ध्यानात ठेवा. पूर्वसंमती हातात पडण्याआधी अवजार विकत घेऊ नका, नाही तर अनुदान हुकते.

आणि काही बचत तर घराच्या पडवीतच असते. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवा आणि त्यात भाताचे बी ओता. हलके, पोकळ बी वर तरंगेल, ते काढून टाका. खाली बसलेले बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. घरचे बी असेल तर पेरणीच्या पंधरा दिवस आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. ऐंशी रुजले तर बी चांगले. याला ना तिकीट ना हेलपाटा, आणि साठ रुपयांच्या सवलतीहून हे कितीतरी जास्त मोलाचे.

आमच्या वाडीत आम्ही आता असे करतो. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सहा घरे मिळून यादी करतो. जड आणि महाग माल तेवढा शहरातून, बाकीचा गावातून. जाणारा माणूस एकच, फेरी एकच, टेम्पोचे भाडे सहा जागी वाटलेले. ज्याची पाळी असते, त्याच्या गुरांचे चारापाणी त्या दिवशी शेजारी बघतात. यादीबाहेरची वस्तू कितीही स्वस्त दिसली तरी आणायची नाही.

गावचा दुकानदार दोन रुपये जास्त घेतो, हे मलाही दिसते. पण जुलैत वहाळाला पूर आला, रस्ता बंद पडला, की वहीत नाव लिहून तोच मीठ-तेल देतो. त्या दोन रुपयांत हेही आले.

तेव्हा पुढल्या खेपेला कोणी स्वस्ताईची बातमी आणली, की आधी कालदर्शिका बघा आणि मग पिशवी उचला. आज शेतात काय काम आहे, अंगणात काय वाळत आहे, ते पाहा. वाचणाऱ्या पैशांतून गाडीभाडे आणि दिवसाचा रोज वजा करा. काही उरले तर खुशाल जा. नाही उरले तर गावातूनच घ्या आणि कामाला लागा.

मी यंदा बियाण्याचे पैसे गावातच मोजले. पेरून हात धुतले आणि तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आले.