नव्या गाडीच्या कागदांत एक कागद कमी आहे

माननीय श्री. नितीनजी गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
खासदार, नागपूर



22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आणि त्या दसरा-दिवाळीला अनेक घरांत पहिली गाडी आली. नागपुरात नवी गाडी आली की ती आधी टेकडी गणपतीला जाते. बॉनेटला हार, चाकांखाली लिंबे, पेढ्यांचा पुडा. त्यानंतर पहिली मोकळी सुट्टी मिळाली की गाडी समृद्धी महामार्गावर चढते. काट्याने शंभरी ओलांडली की चालवणाऱ्याच्या लक्षात येते, स्टिअरिंग सरळ धरले तरी गाडी उजवीकडे ओढते आहे. ती सरळ ठेवण्यासाठी डाव्या हाताने सतत थोडा जोर लावावा लागतो. कारंजा येईपर्यंत खांदा भरून येतो.

या तक्रारीचे शोरूममध्ये पुढे काय होते, ते आपल्यासमोर मांडण्यासाठी हे पत्र आहे. राष्ट्रीय महामार्ग आपल्या खात्याचे, गाड्यांचे नियम आपल्या खात्याचे आणि ही गाडी जिथे घेतली ते शहर आपल्या मतदारसंघातले. इतक्या गोष्टी एका माणसाच्या हातात क्वचित येतात.

सर्व्हिस ॲडव्हायजर गाडीत बसतो, चौकापर्यंत चक्कर मारून आणतो आणि सांगतो, "साहेब, रोडला स्लोप आहे." हे अगदीच खोटे नसते. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांप्रमाणे सिमेंटच्या आणि चांगल्या डांबरी रस्त्याला साधारण 1.7 ते 2 टक्के आडवा उतार देतात. पावणेचार मीटरच्या लेनमध्ये दोन टक्के म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत साडेसात सेंटिमीटरचा फरक. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे स्टिअरिंग हलकेच सोडल्यावर गाडी हळूहळू डावीकडे झुकली तर त्यात दोष नाही. पण सरळ रस्त्यावर जी गाडी उजवीकडे ओढते ती उताराच्या विरुद्ध जात असते. तिला हे कारण लागूच पडत नाही. तरीही उत्तर तेच मिळते.

दुसरा प्रश्न ठरलेला: "गाडी कुठे आपटली का?"

नागपुरात या प्रश्नाला छातीठोक "नाही" कोण म्हणेल? सिमेंटचा रस्ता संपून डांबर सुरू होते तिथली पायरी, रस्त्याच्या पातळीपेक्षा वर आलेली किंवा खाली बसलेली चेंबरची झाकणे, काँक्रीटची कड आणि पेव्हर ब्लॉक यांच्यातली फट, कॉलनीच्या तोंडाशी रहिवाशांनीच घातलेला गतिरोधक. गतिरोधक साधारण 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा, असे रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका सांगते. कॉलन्यांमधले अनेक उंचवटे हातभर रुंदीचे असतात. चाक अशा कडेवर तिरके आपटले की टाय रॉड किंवा लोअर आर्म किंचित वाकू शकतो, हे खरेच आहे. म्हणून वाहनधारक गप्प होतो. तो गप्प झाला की तक्रार संपते. अलाइनमेंट सहसा वॉरंटीत बसत नाही, ती देखभाल समजली जाते, त्यामुळे बिल फाडून गाडी रॅकवर चढते.

रॅकवर काय होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. चारही चाकांना क्लॅम्प बसतात, त्यांवर लक्ष्यपट्ट्या, समोरच्या खांबावर कॅमेरे. गाडी थोडी मागेपुढे ढकलली की पडद्यावर आकडे येतात, मर्यादेबाहेरचे लाल आणि मर्यादेतले हिरवे. टो, म्हणजे वरून पाहताना चाक आत किंवा बाहेर किती वळले आहे. कॅम्बर, म्हणजे समोरून पाहताना ते किती कलले आहे. कास्टर, म्हणजे ज्या अक्षावर चाक वळते तो बाजूने किती मागे झुकला आहे. चांगला कारागीर आधी चारही टायरची हवा सारखी करतो, टाय रॉडचे टोक आणि बुश हाताने हलवून पाहतो, स्टिअरिंग मधोमध कुलूपबंद करतो आणि मगच पाना हातात घेतो. घाईतला कारागीर थेट पान्यावर येतो. पडद्यावर पुढच्या टोचे दोन चौकोन हिरवे होतात, स्टिअरिंग सरळ होते आणि गाडी बाहेर पडते.

पण ती ओढतेच. कारण गाडी एका बाजूला ओढण्याशी टोचा संबंध फार थोडा असतो. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये किंवा कास्टरमध्ये फरक असेल तर गाडी ओढते आणि आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत हे दोन्ही कोन पान्याने बदलण्याची सोयच नसते. मागची चाके टॉर्शन बीमवर असतात, तिथेही सोय नसते. तिथला आकडा लाल असेल तर काही तरी वाकलेले आहे किंवा जुळणीत चुकले आहे. तो भाग बदलावा लागतो आणि तो कोणाच्या खर्चाने, हाच वादाचा मुद्दा आहे.

अनेकदा दोष टायरचाच असतो. रेडियल टायरच्या आतले पोलादी पट्टे बनवताना मध्यापासून जरा सरकले तर टायर किंचित शंकूसारखा फिरतो आणि गाडीला एका बाजूला नेतो. अलाइनमेंटचा कागद चारही बाजूंनी हिरवा आणि गाडी मात्र वाकडी, असा हा प्रकार. त्याची परीक्षा सोपी आहे. पुढच्या दोन टायरची अदलाबदल करायची. ओढ उजवीकडून डावीकडे गेली तर टायर दोषी, तशीच राहिली तर शोध पुढे न्यायचा. एखाद्या चाकाचा ब्रेक घासत असेल तर चक्कर मारून आल्यावर ते चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेले लागते. एका जॅकवर आणि थोड्या वेळात होणारी ही कामे आहेत, पण ती क्वचितच कोणी आपणहून करतो.

नागपूरचे ऊनही यात आपला वाटा उचलते. मे 2013 मध्ये या शहराने 47.9 अंश तापमान पाहिले आहे. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की टायरमधली हवा साधारण एका पीएसआयने वाढते. दुपारभर एक बाजू उन्हात आणि दुसरी भिंतीच्या सावलीत ठेवून गाडी उभी राहिली, तर संध्याकाळी सुरुवातीचे काही किलोमीटर ती कमी हवेच्या बाजूला झुकू शकते. टायर थंड असताना हवा मोजा, एवढे डिलिव्हरीच्या वेळी सांगितले तरी काही तक्रारी उद्भवणार नाहीत.

टो बिघडला तर गाडी एरवी सरळ धावते, पण टायर खाते. एक हिशेब आपल्यासारख्या आकड्यांत रमणाऱ्या मंत्र्यापुढे ठेवण्याजोगा आहे. समजा एक चाक फक्त 0.2 अंशाने तिरके आहे. घड्याळाचा मिनिटकाटा दोन सेकंदांत जेवढा सरकतो तेवढेच. दर किलोमीटरला ते चाक साडेतीन मीटर आडवे घासले जाते. नागपूर ते मुंबई हा समृद्धीचा 701 किलोमीटरचा प्रवास केला तर एकट्या त्या चाकाचे आडवे घासणे जवळपास अडीच किलोमीटर होते. झीज आतल्या कडेला होत असेल तर उभ्याने पाहताना टायर चांगला दिसतो. ट्रेडवरून तळवा आडवा फिरवला, एकदा बाहेरून आत आणि एकदा आतून बाहेर, तर एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागते. ट्रेड किमान 1.6 मिलिमीटर हवा हा नियम आहे, पण वाकून आतली कड पाहणारे थोडे.

समृद्धीचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 ला नागपूरहून सुरू झाला आणि 5 जून 2025 ला शेवटचा टप्पा खुला झाला. मोटारींना तिथे ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगात तीन सेकंदांत गाडी 100 मीटर पुढे जाते. तेवढा वेळ मागच्या सीटवरच्या मुलाकडे नजर गेली आणि गाडी स्वतःहून एका बाजूला जाणारी असेल, तर काय होईल हे आपल्याला सांगायला नको. आपल्याच मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली. त्यातली किती अलाइनमेंटमुळे गेली असा दावा या पत्राचा नाही. पण चालकाला सतत स्टिअरिंगशी झुंजायला लावणारी गाडी त्याला थकवते आणि थकलेला चालक लांब सरळ रस्त्यावर किती धोक्यात असतो, याची चर्चा आपण स्वतः वारंवार केली आहे.

नव्या गाड्यांत आणखी एक थर चढला आहे. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगला सेन्सर सांगतो की चाके सरळ आहेत की वळलेली. अलाइनमेंट केल्यावर या सेन्सरचा शून्यबिंदू स्कॅनर लावून पुन्हा बसवावा लागू शकतो. लेन राखणाऱ्या कॅमेऱ्याचेही तसेच. हे राहून गेले तर यंत्रणा सरळ जाणाऱ्या गाडीला वळायला मदत करत राहते. काही गाड्यांचे सॉफ्टवेअर उलट काम करते. छोटी ओढ ते मोटरच्या जोराने झाकून टाकते आणि मालकाला दोष कळतो तो टायर संपल्यावर. रस्त्यावरच्या दुकानात रॅक असतो, पण त्या कंपनीचा स्कॅनर असेलच असे नाही.

आता मुख्य मागणी.

कारखान्यातून गाडी बाहेर पडण्याआधी तिची अलाइनमेंट यंत्रावर तपासली जातेच. म्हणजे चाकण असो, मानेसर असो की श्रीपेरुंबुदूर, गाडी जन्माला येताना चाके कशी उभी होती याचा आकडा तयार होतो. मग ती ट्रेलरवर पट्ट्यांनी आवळून शेकडो किलोमीटर येते, डीलरच्या यार्डात आठवडेच्या आठवडे उन्हात उभी राहते आणि ग्राहकाच्या हाती पडते. त्या दिवशी आकडे काय होते याचा कागद ग्राहकाला मिळत नाही. "कुठे आपटली का?" या प्रश्नासमोर तो निरुत्तर होतो, कारण आपटण्याआधीचा पुरावा त्याच्याजवळ कधी नव्हताच.

हा कागद मागणे अवाजवी नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला फॉर्म 22, म्हणजे गाडी रस्त्यावर आणण्यायोग्य असल्याचे उत्पादकाचे प्रमाणपत्र, नोंदणीच्या वेळी लागतोच. आपल्याच कार्यकाळात त्यात प्रदूषणाचे आणि आवाजाचे आकडे छापण्याची सक्ती झाली. ते आकडे मॉडेलचे असतात, चाकांचे आकडे प्रत्येक गाडीचे असतील, एवढाच फरक. चासी क्रमांकासह एक पान: कारखान्यातले आकडे, डिलिव्हरीपूर्वी डीलरच्या रॅकवर घेतलेले आकडे, कंपनीची मर्यादा आणि टायरची थंड हवा. 1 ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅपमुळे गाडी आदळल्यावर माणूस कितपत वाचेल हे खरेदीदार ताऱ्यांत पाहू शकतो. ती आदळण्याच्या आधी सरळ चालते का, हेही त्याला कागदावर दिसावे.

या पानाचा उपयोग ग्राहकापुरता राहणार नाही. जुलै 2023 मध्ये मारुती सुझुकीने स्टिअरिंगच्या टाय रॉडमधल्या संभाव्य दोषासाठी एस-प्रेसो आणि ईकोच्या 87,599 गाड्या परत बोलावल्या, ऑगस्ट 2024 मध्ये स्टिअरिंग गिअरबॉक्ससाठी 2,555 अल्टो के10. कंपनीने स्वतःहून पुढे येणे योग्यच झाले. पण 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम 110ए आणि 1 एप्रिल 2021 पासून लागू झालेले रिकॉलचे नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांबाबत मालकांनाही सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवू देतात. ठरावीक संख्येने तक्रारी आल्या की चौकशी लागते. "गाडी ओढते" या दोन शब्दांच्या हजार तक्रारींतून काही सिद्ध होणार नाही. एकाच मॉडेलच्या शेकडो गाड्यांत डिलिव्हरीच्या दिवशीच एका बाजूचा कॅम्बर मर्यादेबाहेर दिसला, तर दोष खड्ड्याचा की कारखान्याचा हे उघड होईल.

ग्राहक आयोगातही पुराव्यापाशीच अडते. जिल्हा आयोगाकडे 50 लाखांपर्यंतच्या किमतीची तक्रार जाते आणि पाच ते दहा लाखांच्या गाडीसाठी शुल्क फक्त 200 रुपये आहे. खर्च होतो तो पुराव्यावर. तपासणीशिवाय ठरवता न येणारा दोष प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद कायद्यात आहे, पण वर्षभर वापरलेली गाडी तपासून पहिल्या दिवशीची स्थिती कोणती प्रयोगशाळा सांगणार?

म्हणून साहेब, तीन गोष्टी कराव्यात. फॉर्म 22 सोबत हे पान सक्तीचे करावे. पहिल्या सहा महिन्यांत त्या पानाच्या तुलनेत आकडे बिघडले आणि कुठे मार लागल्याची खूण नसेल, तर दुरुस्ती कंपनीच्या खर्चाने व्हावी. आणि नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या अभियांत्रिकी संस्थांमध्ये ठरावीक शुल्कात तटस्थ तपासणीची सोय उभारावी, म्हणजे डीलर आणि ग्राहक यांच्यात तिसरा कोणी तरी मोजणारा असेल. प्रायोगिक सुरुवात नागपूरच्या आरटीओ कार्यालयांपासून करता येईल. इथे रोज नव्या गाड्या नोंदवल्या जातात, समृद्धीचा आरंभ इथेच आहे आणि नियम बदलणारे मंत्री याच शहरात राहतात.

आपला,
नागपूर मतदारसंघातील एक वाहनधारक