दुधाच्या हिशेबातील चैत्र

माघ सरत आला की आमच्याकडे माजघरातील फडताळे रिकामी करून त्यांना ऊन दाखविण्याचा प्रघात आहे. यंदा त्या उद्योगात मागल्या काही वर्षांच्या दिनदर्शिकांची एक गुंडाळी हाती लागली. दुधाचा हिशेब दिनदर्शिकेवर ठेवण्याची रीत सासूबाईंनी घातली, ती आजतागायत चालू आहे. तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिटरचा आकडा; पाहुणे आले की तो फुगतो, आणि गवळी आला नाही त्या दिवशी फुली. कोणी घरचा इतिहास लिहू म्हणेल, तर त्याला याहून खरे साधन मिळावयाचे नाही.

गुंडाळीत २०२० सालची दिनदर्शिका होती. मार्चच्या पानावर २२ तारखेपर्यंत सारे नेहमीप्रमाणे आहे. नंतर आकडा एकदम दुप्पट झाला आहे. कारण एरवी औरंगाबादेस व जालन्यास विखुरलेली आमची सोळा माणसे त्या दोन-तीन दिवसांत वाड्यात येऊन दाखल झाली होती. २४ तारखेच्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशभर टाळेबंदी जाहीर केली आणि ती त्याच मध्यरात्री सुरू झाली. दुसऱ्या दिवशी, २५ मार्चला, गुढीपाडवा होता. बत्तासे मिळाले नाहीत म्हणून गुढीला साखरेच्या पुरचुंडीची माळ घातली. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हते, आणि आत मात्र लग्नघर वाटावे इतकी गर्दी. खोटे कशाला सांगू, पहिले आठ दिवस मला फार सुखाचे गेले.

जाफराबाद हे पूर्णा आणि केळना या नद्यांच्या संगमावरचे जुने गाव. आगगाडी नाही, जालन्यास जावयाचे तर चाळीस-पन्नास किलोमीटर सडकेने. बुलढाणा जिल्ह्याची हद्द अगदी लगत, त्यामुळे निम्मी सोयरीक पलीकडची. जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या तेव्हा चिखलीस दिलेली माझी धाकटी नणंद आम्हांला विलायतेइतकी दूर झाली. ती बाळंतपणाला येणार होती. ते तिकडेच झाले, सुखरूप झाले, परंतु बाळाला सासूबाईंनी पाहिले ते सहाव्या महिन्यात.

राजकारण आमच्या ओसरीला नवे नाही. निजामाचे राज्य १९४८ साली संपले तेव्हाचे वाद मामंजींच्या वडिलांच्या पिढीने याच ओसरीवर घातले होते. त्या चैत्रात तर राजकारण घरचेच झाले होते. राज्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे आमच्या जालना जिल्ह्याचे; आणि केंद्रात अन्न व सार्वजनिक वितरण खात्याचे राज्यमंत्री रावसाहेब दानवे तर शेजारच्या भोकरदन तालुक्यातले, आमचेच खासदार. एक मुंबईच्या सरकारात, दुसरे दिल्लीच्या. एकाचा पक्ष दुसऱ्याच्या विरोधात. त्यामुळे रोज सायंकाळी दूरदर्शनसंचापुढे धाकटे भाऊजी एका बाजूस व मामंजी दुसऱ्या बाजूस, अशी सभा भरे. (पुढे २०२४ च्या निवडणुकांत दोघेही मंत्री पडले. तेव्हा ओसरीवर कोणालाच हसू आले नाही.) ५ एप्रिलच्या रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे लावावयाचे होते. मामंजींनी एकवीस पणत्या मांडल्या, भाऊजी पाठ फिरवून अंधारात बसले, आणि सासूबाईंनी देवापुढची निरांजन उचलून मधोमध उंबऱ्यावर ठेवली. नऊ मिनिटे संपल्यावर दोघांनीही चहा मागितला.

असो. मला आज सांगावयाची आहे ती गोष्ट वेगळी आहे.

त्या दिवसांत आमच्यासारख्या घरांतून एक वाक्य फार ऐकू येत असे. बाहेरून आल्यावर हातपाय धुवा, अंतर ठेवा, कोणाला शिवू नका, असे सरकार सांगू लागले, तेव्हा माझे चुलत सासरे मोठ्या समाधानाने म्हणत, "पाहा, आपल्या पूर्वजांचे सोवळे शास्त्रशुद्धच होते. जग आता त्याच वाटेवर येत आहे." हे वाक्य मोबाइलवरूनही दिवसातून दहा वेळा येई. चुलत सासरे विद्वान, मायाळू आणि कडक आचाराचे. त्यांना उलट उत्तर देण्याची कोणाची छाती नव्हती. मीही दिले नाही. परंतु स्वयंपाक करताना मनात तो वाद मी कितीदा तरी घातला.

कारण सोवळ्यात वाढलेल्या मुलीला सोवळे ठाऊक असते. माझ्या माहेरी आजी रेशमी मुकटा नेसून स्वयंपाक करी. तो मुकटा महिनोन्‌महिने पाण्यात पडत नसे, तरी तो शुद्ध. आणि नुकते धुऊन वाळत घातलेले धोतर दुसऱ्याचा हात लागला की अशुद्ध! निरोगी परका माणूस अंगणापलीकडे उभा राही, आणि तापाने फणफणलेल्या आप्ताच्या अंथरुणाभोवती सारे घर गोळा होई. रोगाचे अंतर याच्या अगदी उलट असते. ते आपल्याच माणसापासून राखावे लागते, आणि ते राखताना आतडे तुटते. सोवळे राखताना आमच्यापैकी कोणाचे आतडे तुटल्याचे मी पाहिले नाही. सोवळे माणसाची जात विचारी. त्याची प्रकृती ते कधी विचारीत नसे.

ज्या कायद्याच्या आधारे २०२० च्या मार्चमध्ये राज्यात नियम लागू झाले तो १८९७ चा, साथीच्या रोगांचा, चार कलमांचा लहानसा कायदा. १८९६ साली मुंबईस प्लेग उद्भवला म्हणून इंग्रज सरकारने तो घाईघाईने केला. पुण्यास त्याच साथीत गोऱ्या सोजिरांनी घरे तपासली, देवघरांत बूट घातले, माणसे छावण्यांत नेली. त्याची परिणती २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडसाहेबाच्या वधात झाली. हा इतिहास आपल्या घरांत अभिमानाने सांगितला जातो; आमचा मुलूख तेव्हा निजामाचा असला तरी मामंजींनीही तो मुलांना सांगितला. टिळक त्या वेळी पुणे सोडून गेले नाहीत, प्लेगच्या रोग्यांसाठी इस्पितळ उभारण्यास झटले, हेही सांगितले. एक गोष्ट मात्र आमच्या ओसरीवर कधी निघाली नव्हती, ती मी त्या चैत्रात माझ्या मुलीच्या शाळेच्या पुस्तकात वाचली. पुण्यातल्या ज्या बाईच्या अंगावर मुलींना शिकविते म्हणून शेण फेकले गेले, त्या सावित्रीबाई फुल्यांनी त्याच साथीत प्लेग झालेल्या एका मुलाला स्वतः उचलून दवाखान्यात नेले, आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. वाचून झाल्यावर मी पुस्तक मिटले आणि मुलीला म्हटले, मोठ्याने वाच, ओसरीवर ऐकू जाईल असे. तिने वाचले. चुलत सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. बोलले काही नाही.

तथापि मी स्वतः तेव्हा काय करीत होते, ते एप्रिलच्याच पानावर लिहिलेले आहे. आमच्याकडे धुण्याभांड्यास येणारी बाई, जिला मुले मावशी म्हणतात, तिला आम्ही २३ मार्चपासून येऊ नको म्हटले होते. ते योग्यच होते. परंतु पानाच्या खालच्या कोपऱ्यात माझ्या अक्षरात शब्द आहेत : "मावशी — निम्मे." काम नाही तर पूर्ण पगार कशाला, असा हिशेब मी केला होता. घरात सोळा माणसे, सोळांची भांडी मीच घाशीत होते, कंबर मोडली होती, म्हणून आपलीच कीव येत होती. ती वेशीपलीकडून चालत आली, पायरीखाली उभी राहिली, मी पैसे वरच्या पायरीवर ठेवले आणि ती मागे सरून मग उचलायला पुढे आली. ही रीत तिला शिकवावी लागली नाही. तिच्या आजीला ती येत होती.

मे महिन्याच्या आरंभी भाऊजींचा मोठा मुलगा पुण्याहून परवाना काढून आला. बाहेरून येणाऱ्याने चौदा दिवस शाळेत राहावे असा गावचा नियम होता. घरात दोन रात्री खल झाला. मागच्या दाराने आणावा, माळ्यावर ठेवावा, कोणाला कळते आहे! या वेळी मामंजी ठाम राहिले. पोरगा शाळेत गेला. त्याच वर्गात चाकणच्या कारखान्यांतून परतलेली पाच मजूर मुले होती. घरून डबा जाई तो सहा जणांत संपे, म्हणून सासूबाई पुढे सहांचा डबा करू लागल्या.

आणि ८ मे उजाडला. शुक्रवार होता. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यातले मध्य प्रदेशचे काही मजूर, शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले, काम थांबले म्हणून आदल्या दिवशी घराकडे निघाले होते. भुसावळहून गाडी मिळेल अशी त्यांची समजूत. सडकेवर पोलीस अडवतील म्हणून ते रुळांच्या कडेने चालले. रात्रभर चालून बदनापूर आणि करमाड यांच्या मधे थकून रुळांवरच आडवे झाले. देशातल्या गाड्या बंद आहेत, हे तर त्यांनाही ठाऊक होते. मालगाड्या मात्र चालू होत्या. पहाटे सव्वापाचच्या सुमारास एक मालगाडी त्यांच्यावरून गेली. सोळा माणसे मेली. नंतर जी छायाचित्रे आली त्यांत रुळांमधल्या खडीवर पोळ्या विखुरलेल्या होत्या.

त्या पोळ्या मला ओळखीच्या वाटल्या. प्रवासाला द्यावयाच्या पोळ्या जरा जाड लाटतात, तेल कमी लावतात, म्हणजे दोन दिवस टिकतात. कोणी तरी हा विचार करून त्या लाटल्या होत्या.

त्या सायंकाळी दूरदर्शनसंचापुढे सभा भरली, परंतु वाद झाला नाही. केंद्राचे चुकले की राज्याचे, रेल्वेचे की कारखान्याचे, हे भाऊजींनी एकदा काढून पाहिले. मामंजी एवढेच म्हणाले, "आपल्या मागच्या तीन खोल्यांचा स्लॅब २०१७ साली घातला. सळया जालन्याच्या." पुढे कोणी बोलले नाही. त्या खोल्यांतच आमची बाहेरगावची मंडळी उतरली होती. "घरी राहा" हा सरकारचा मंत्र आम्ही दीड महिना निष्ठेने पाळला होता, आणि पाळतो म्हणून स्वतःची पाठही थोपटली होती. ज्यांचे घर आठशे किलोमीटर दूर आणि इथली खोली कामाबरोबरच सुटते, त्यांनी तो कुठे पाळावा, हा प्रश्न आमच्या सोळांपैकी एकालाही सुचला नव्हता. तो सुचावयास सोळा माणसे रुळांवर मरावी लागली. मी सरकारांना दोष देत नाही असे नव्हे. चार तासांच्या सूचनेने देश बंद करणाऱ्यांना तो दिलाच पाहिजे. परंतु कोपऱ्यातले "निम्मे" माझे होते.

जूनमध्ये मावशी कामावर आली तेव्हा एप्रिल-मेचे राहिलेले पैसे मी तिच्या हातात दिले. पायरीवर ठेवले नाहीत. ती म्हणाली, "वहिनी, हे कशाचं?" मला नीट सांगता आले नाही. "हिशेबात चूक होती," म्हटले. तिने मोजून पदरात बांधले आणि म्हणाली की मधल्या दिवसांत तिने नाकातली चमकी मोडली होती.

२०२१ च्या दिनदर्शिकेत एप्रिलच्या पानावर एका चौकोनात नुसती रेघ आहे. दुसऱ्या लाटेत चुलत सासरे गेले. जालन्याच्या इस्पितळात अकरा दिवस होते. आम्हांपैकी कोणाला आत जाता आले नाही. देह घरी मिळणार नव्हता. नगरपालिकेच्या माणसांनी तो गाडीतून स्मशानात आणला; यजमानांना वीसेक पावलांवर उभे केले. काशीहून आणलेला गंगेचा सीलबंद गडू त्यांनी बरोबर नेला होता. चुलत सासऱ्यांनी तो स्वतः, स्वतःसाठी आणून ठेवला होता, आणि सोवळ्याशिवाय त्याला कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. प्लॅस्टिकच्या पोशाखातला एक तरुण यजमानांपर्यंत आला आणि म्हणाला, "काका, गंगाजल आणलंय का? द्या, मी घालतो." त्याने गडू नेला, सील फोडले, पिशवीची चेन उघडता येत नव्हती म्हणून तोंड असेल त्या बाजूला पाणी हळूहळू ओतले, आणि दोन्ही हात जोडून क्षणभर उभा राहिला. मग रिकामा गडू औषधाने पुसून कट्ट्यावर आणून ठेवला.

यजमानांनी त्याचे नाव विचारले. मुखवट्यातून ते नीट ऐकू आले नाही, आणि पुन्हा विचारण्यास वेळ नव्हता. गाडीत आणखी तिघे होते.

चुलत सासूबाईंनी गडू चिंचेने घासला आणि देव्हाऱ्यात ठेवला. त्याला कोणाकोणाचा हात लागला ते त्यांनी विचारले नाही.