मुक्काम हेही कामाचेच ठिकाण

पावसाळा सरला, खरिपाची शिवारे मोकळी होऊ लागली, की आपल्या व्यवसायाचा खरा हंगाम सुरू होतो. गवत वाळते, ओढ्यांचे पाणी उतरते, रस्त्यासाठी फोडलेल्या कडा स्वच्छ दिसू लागतात. दख्खनच्या बेसॉल्टला चिरत पूर्व-पश्चिम धावणाऱ्या धुळे-नंदुरबारच्या डाइक पाहायला पुण्या-मुंबईहून, जळगावहून विद्यार्थी येतात. यांतल्या काही डाइक ५० किलोमीटरहून लांब आहेत, म्हणजे त्यांचा मागोवा घ्यायचा तर एका दिवसात काम उरकत नाही, मुक्काम करावा लागतो. मुंबई-आग्रा महामार्गावरचे, किल्ल्याच्या टेकडीखालचे सोनगीर अशा मुक्कामाला सोयीचे गाव. याच दिवसांत भूजल सर्वेक्षणाची पथके विहिरींची पातळी मोजत फिरतात आणि बोअरची जागा सांगणारे खासगी सल्लागार गावोगाव जातात. या हंगामाच्या तोंडावर आम्ही संपादकीयाची जागा अशा एका विषयाला देत आहोत, ज्याची चर्चा आपल्या फिल्ड डायऱ्यांत आणि चर्चासत्रांत फारशी होत नाही : क्षेत्रीय कामावर होणारा लैंगिक छळ आणि तो रोखणारा कायदा.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. शिवार, जीप आणि मुक्कामाची खोली ही कामाची ठिकाणे आहेत, असे कायद्याने कधीच मान्य केले आहे. आपण मात्र ते अजून मनापासून स्वीकारलेले नाही.

हा कायदा जन्माला आला तोच कचेरीच्या बाहेर. राजस्थानातील भटेरी गावच्या भंवरी देवी या सरकारी योजनेत ‘साथिन’ म्हणून गावपातळीवर काम करत. बालविवाह रोखण्याचे काम केले म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यांना जपण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे त्या वेळी कुठल्याच कायद्यात लिहिलेले नव्हते. त्या अन्यायातून महिला संघटना न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशाखा निकालात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. ती कागदावरच राहत आहेत, हे पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांनी ‘आलोचना’ संस्थेतर्फे न्यायालयाच्या नजरेस आणले. त्यावर ऑक्टोबर २०१२ मध्ये निकाल आला. २०१३ मध्ये संसदेने कायदा केला आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरपासून तो अमलात आला. शिवारात काम करणाऱ्या एका बाईच्या दुःखातून निघालेला हा कायदा शिवारात काम करणाऱ्या आपल्या विद्यार्थिनींपर्यंत पोहोचू नये, ही आपल्या सर्वांसाठी लाजेची गोष्ट आहे.

कायद्याचा मजकूर पाहा. कामानिमित्त भेट दिलेले कोणतेही ठिकाण आणि मालकाने पुरवलेले वाहन, दोन्ही ‘कामाचे ठिकाण’ या व्याख्येत येतात. पगार मिळो न मिळो, कंत्राटी, प्रशिक्षणार्थी, स्वयंसेवक अशा सर्वजणींना संरक्षण आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या विनियमांनी आणखी स्पष्ट शब्दांत क्षेत्रभेटी, अभ्याससहली, इंटर्नशिप आणि शिबिरे यांना परिसराचाच विस्तार मानले आहे. तेव्हा ‘ते कॉलेजबाहेर घडले’, ‘ते रात्री लॉजवर घडले’ या सबबी टिकत नाहीत. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे. दहापेक्षा कमी माणसे असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. चार माणसांच्या भूजल सल्लागार कचेरीतील मुलीला आणि नमुने गोळा करायला रोजंदारीवर लावलेल्या गावातल्या बाईलाही ही दारे उघडी आहेत. ती आहेत, हे मात्र त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

आपल्या शाखेत हा प्रश्न इतका अवघड का होतो, हे आपणच नीट समजून घेऊ. प्रयोगशाळेत मार्गदर्शकाच्या हाती प्रबंध असतो. क्षेत्रात त्याच्याच हाती गाडीची किल्ली, मुक्कामाची जागा, जेवणाचे पैसे आणि उद्या कोणत्या उतारावर कोणी जायचे याचा निर्णयही येतो. मोबाइलची रेंज नसते, परतीची एसटी संध्याकाळनंतर नसते. कामाची वेळ आणि झोपेची वेळ यांत भिंत उरत नाही. शिफारसपत्र, शोधनिबंधातील नावांचा क्रम आणि पुढची फेलोशिप हे सगळे त्याच माणसाच्या मर्जीवर अवलंबून असते. अशा जागी नकाराची किंमत मुलीला लगेच कळते. ती उघड धमकी असायलाच हवी असे नाही. अभ्यासावर किंवा नोकरीवर परिणाम होईल असे नुसते सूचित करणेही कायद्याने छळातच धरले आहे.

हे आमचे नुसते अनुमान नाही. २०१४ मध्ये प्लॉस वन या नियतकालिकात कॅथरिन क्लॅन्सी आणि सहकाऱ्यांनी क्षेत्रीय संशोधकांची पाहणी प्रसिद्ध केली. तिला उत्तरे देणाऱ्या ६६६ जणांपैकी ६४ टक्क्यांनी छळाचा अनुभव सांगितला आणि २० टक्क्यांहून अधिक जणांनी शारीरिक अत्याचाराचा. स्त्रियांना त्रास देणारे बहुतांशी त्यांचे वरिष्ठ होते आणि त्या त्या वेळी प्रामुख्याने विद्यार्थिदशेत होत्या. उत्तरे स्वेच्छेने दिलेली होती, त्यामुळे ही टक्केवारी सर्व क्षेत्राला जशीच्या तशी लावता येणार नाही, पण तिच्यातला आकृतिबंध दुर्लक्षिता येणार नाही. आपल्याच शाखेतील प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. बोस्टन विद्यापीठाचे भूवैज्ञानिक डेव्हिड मार्चंट यांच्याविरुद्ध त्यांची जुनी विद्यार्थिनी जेन विलेनब्रिंग यांनी २०१६ मध्ये अंटार्क्टिकातील मोहिमेतल्या छळाची तक्रार केली. स्वतःची कायम नोकरी पक्की होईपर्यंत त्या दीड दशकाहून अधिक काळ थांबल्या होत्या. चौकशीत छळ सिद्ध झाला, २०१८ मध्ये मार्चंट यांचे नाव एका हिमनदीवरून काढले गेले आणि २०१९ मध्ये विद्यापीठाने त्यांना बडतर्फ केले. आता आपला कायदा आठवा : शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करायची, कारण पटले तर आणखी तीन महिने. पीएचडी मात्र पाच-सहा वर्षे चालते, आणि शिफारसपत्राची गरज त्यानंतरही संपत नाही.

या मुदतीचा फटका सप्टेंबर २०२५ मध्ये स्पष्ट दिसला. कोलकात्याच्या विधी विद्यापीठातील एका अध्यापिकेची कुलगुरूंविरुद्धची तक्रार उशिरा आली, म्हणून ती सर्वोच्च न्यायालयातही टिकली नाही. तरीही न्यायालयाने त्या निकालाची नोंद संबंधिताच्या कार्यपरिचयात कायम ठेवण्याचा आदेश दिला. त्यामागचे तत्त्व आम्हाला मोलाचे वाटते. माणूस संस्था बदलतो, तेव्हा त्याच्याविषयीची नोंद त्याच्याबरोबर गेली पाहिजे. अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०१८ पासून अनुदानाच्या अटींतच ही तरतूद केली : प्रमुख संशोधक छळाबद्दल दोषी ठरला, तर संस्थेने ते कळवलेच पाहिजे. विज्ञानातील छळ रोखण्यासाठी लोकप्रतिनिधी एडी बर्निस जॉन्सन यांनी मांडलेल्या विधेयकातील तरतुदी पुढे २०२२ च्या चिप्स अँड सायन्स कायद्यात आल्या. अमेरिकन जिओफिजिकल युनियनने तर २०१७ मध्येच लैंगिक छळाला वैज्ञानिक गैरवर्तन ठरवले, म्हणजे खोटी आकडेवारी देण्याच्या पंगतीत बसवले. आमच्या मते ते योग्यच आहे. ज्या मुलीने भीतीने क्षेत्र सोडले, तिचे नकाशे, तिची मोजमापे आणि तिचे प्रश्न विज्ञानातून कायमचे वजा होतात.

आपल्याकडे २०१३च्या कायद्याने अनुदान देणाऱ्या संस्थेवर कोणतीच जबाबदारी टाकलेली नाही. वकील, डॉक्टर, वास्तुविशारद यांच्या वैधानिक परिषदांना २०१२च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट निर्देश दिले होते. भूवैज्ञानिकांना अशी परिषदच नाही. म्हणून आमच्या मागण्या तीन. संशोधक विद्यार्थ्यांसाठी तक्रारीची मुदत पदवी मिळाल्यानंतर निदान एक वर्षापर्यंत वाढवावी. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने दोषसिद्धी कळवण्याची अट प्रत्येक अनुदान करारात लिहावी. आणि आपल्या व्यावसायिक संघटनांनी छळ हे गैरवर्तन मानून सभासदत्व काढून घेण्याची तरतूद करावी.

कायदा बदलायला वेळ लागेल, पण असलेला कायदा नीट चालवायला कोणाची परवानगी लागत नाही. गोवा विद्यापीठातील एका विभागप्रमुखाच्या प्रकरणात मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फीचा आदेश रद्द केला. समितीने चौकशी घाईने उरकली, बाजू मांडायला पुरेशी संधी दिली नाही, हे त्याचे कारण. २००९च्या तक्रारी चौदा वर्षांनी पुन्हा चौकशीच्या दारात उभ्या राहिल्या. कच्ची चौकशी आरोपीवर अन्याय करते आणि तक्रारदार स्त्रियांवर त्याहून मोठा. समितीच्या सदस्यांना प्रशिक्षण हवे ते यासाठी. विनियमांनुसार विभागप्रमुख आणि अधिष्ठाता समितीवर बसू शकत नाहीत आणि प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर समितीत विद्यार्थी प्रतिनिधी लागतात, हेही तपासून घ्यावे.

काही विभागांत एक सोपा मार्ग निवडला जातो : मुलींना मुक्कामी नेऊ नका, त्यांना जवळचे क्षेत्र द्या. या मार्गाला आमचा ठाम विरोध आहे. १९८३-८४ च्या भारतीय अंटार्क्टिक मोहिमेत औंधच्या पंत घराण्यातल्या सागरवैज्ञानिक अदिती पंत आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता गेल्या, त्यानंतर क्षेत्र स्त्रियांचे नाही असे म्हणण्याला जागाच उरत नाही. भूमिगत खाणीतील तांत्रिक कामाचे दारही २०१९ मध्ये त्यांना खुले झाले. त्रास देणाऱ्याऐवजी त्रास होणाऱ्यालाच घरी बसवणे म्हणजे शिक्षा चुकीच्या माणसाला देणे होय.

मग या हंगामात काय करावे? प्रत्येक फेरीच्या पत्रकावर समितीच्या अध्यक्षांचे नाव आणि फोन मार्गक्रमाशेजारीच छापावा. धुळे, जळगाव, नंदुरबार जिथे मुक्काम असेल, तिथल्या स्थानिक समितीचा पत्ता जिल्हा महिला व बालविकास कार्यालयातून आधी मिळवावा. संशोधक विद्यार्थिनीला एकट्या मार्गदर्शकाबरोबर मुक्कामी पाठवू नये. दुसरा शिक्षक किंवा सहकारी सोबत असावा आणि परतीचे भाडे तिच्या स्वतःच्या हाती असावे. खोल्यांना आतून कडी आहे का, शौचालय कुठे आहे, हे गटप्रमुखाने आधी जाऊन पाहावे. गाडीचालक आणि वाटाड्या यांनाही नियम सांगावेत. निघण्यापूर्वी तासभर बसून सर्वांनी कायद्यावर बोलावे, त्यात मुलगेही असावेत. तक्रार आली, तर मार्गदर्शक बदलण्याची अंतरिम सोय नियमांतच आहे. समितीने मागण्याची वाट न पाहता विद्यार्थिनीला ती सांगावी. पोलिसांत जायचे असेल तर मदत करणे हेही मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे.

यांतल्या कशालाच मोठा खर्च नाही. फेरीच्या प्रस्तावावर सही करणाऱ्या प्रत्येक विभागप्रमुखाने आणि कचेरीप्रमुखाने आधी ही यादी समोर ठेवावी. ज्यांची तयारी झालेली नाही, त्यांनी यंदाची फेरी ती होईपर्यंत पुढे ढकलावी. डाइक कोट्यवधी वर्षे जागेवर आहेत, महिनाभर थांबतील.