सुट्टीला ससा न्यावा की ठेवावा?

वार्षिक परीक्षा संपून शाळांना सुट्टी लागली, की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील घराघरांत प्रवासाचे बेत सुरू होतात. कुणी महाबळेश्वर-पाचगणीला खोली राखून ठेवतो, कुणी कुंभार्ली घाट उतरून कोकणात आजोळी जातो, तर कुणी देवदर्शनाला निघतो. या बेतांत आता काही घरांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. मुलांच्या हट्टाखातर घरात आणलेल्या सशाचे काय करायचे? तो बरोबर न्यायचा, की मागे ठेवायचा?

वरवर पाहता हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. दुष्काळ, महापूर आणि ऊसदर यांनी गांजलेल्या या पट्ट्यात सशाच्या सुट्टीची चिंता कुणाला, असे कुणी विचारले तर त्यात वावगे काही नाही. तथापि घरात आणलेला मुका जीव ही त्या कुटुंबाने स्वतःहून पत्करलेली जबाबदारी असते आणि तिची खरी कसोटी घराला कुलूप लागते त्या दिवशी लागते. शिवाय कृष्णाकाठच्या माणसाला दोन प्रकारचे प्रवास ठाऊक आहेत. एक सुट्टीचा, हौसेने केलेला. दुसरा पुराचा, नाइलाजाने केलेला. पहिल्या प्रवासात सशाला शक्यतो नेऊ नये आणि दुसऱ्या प्रवासात त्याला नेता येईल अशी तयारी मात्र आधीच करून ठेवावी, असा या प्रश्नाचा निष्कर्ष निघतो. त्याची कारणे तपासून पाहण्याजोगी आहेत.

कुत्र्याचे माप सशाला लागत नाही

पाळीव प्राणी म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे कुत्रा येतो. कुत्र्याला माणसाची सोबत महत्त्वाची. धन्याबरोबर तो मोटारीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढून आनंदाने फिरतो. सशाचे तसे नाही. निसर्गात तो शिकार करणारा नव्हे, तर शिकार होणारा प्राणी आहे. ओळखीची जागा, ओळखीचा वास आणि लपायला कोपरा ही त्याची सुरक्षितता. मोटारीचा हादरा, कर्णकर्कश भोंगे, अनोळखी हात यांचा अर्थ त्याच्या लेखी एकच असतो, तो म्हणजे धोका. भीतीने तो ओरडत नाही, आकांडतांडव करत नाही. निपचित बसून राहतो. ‘बघा, किती शहाण्यासारखा बसला आहे,’ असे घरचे लोक कौतुकाने म्हणतात, तेव्हा बहुधा तो घाबरून थिजलेला असतो.

याहून गंभीर बाब त्याच्या पचनसंस्थेची. सशाचे आतडे अखंड चालू राहावे लागते आणि त्यासाठी त्याला दिवसभर थोडेथोडे तंतुमय खाणे, मुख्यतः गवत, मिळावे लागते. घाबरलेला ससा खाणे सोडतो. दहा-बारा तास त्याच्या पोटात काही गेले नाही, लेंड्या पडणे थांबले, तर आतड्यांची हालचाल मंदावते आणि वेळेवर उपचार न झाल्यास तो दगावू शकतो. माणूस एक दिवस उपास करतो. कुत्रेही एक वेळ जेवण टाळते. सशाला ही मुभा निसर्गाने दिलेली नाही.

तिसरा मुद्दा उष्णतेचा. सशाला माणसाप्रमाणे घाम येत नाही. शरीरातील उष्णता तो मुख्यतः लांब कानांतील रक्तवाहिन्यांवाटे बाहेर टाकतो आणि हवाच तापलेली असेल तर हा उपाय तोकडा पडतो. साधारण तीस अंशांच्या पुढे त्याला उष्माघाताचा धोका संभवतो. एप्रिल-मे महिन्यांत सांगली-मिरजेचा पारा चाळिशीच्या आसपास पोहोचतो, ही बाब येथे ध्यानात घ्यावी. चहापाण्यासाठी महामार्गावरील एखाद्या हॉटेलजवळ गाडी थांबवून काचा लावून सर्वजण उतरले, तर बाहेर तीस अंश तापमान असतानाही बंद मोटारीतील हवा अवघ्या दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी तापते. मागच्या आसनावरील टोपलीतल्या सशाला तेवढा अवधी पुरेसा ठरतो.

विक्रीच्या नियमांत आहे, प्रवासाच्या नियमांत नाही

कायद्याकडे पाहिले तर एक विसंगती नजरेस येते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांविषयी नियम केले. त्यांतील ‘पाळीव प्राणी’ या संज्ञेच्या व्याख्येत कुत्रा व मांजर यांच्याबरोबर सशाचा नामनिर्देश आहे. म्हणजे सशाची विक्री होते, हे सरकारला मान्य आहे. मात्र प्राण्यांच्या वाहतुकीसंबंधी १९७८ चे जे नियम आहेत, त्यांत कुत्रा-मांजर, माकडे, गुरे, घोडे आणि शेळ्या-मेंढ्या यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरणे आहेत. पुढे कोंबड्या व डुकरे यांची त्यांत भर पडली. सशासाठी वेगळे प्रकरण नाही.

व्यवहारातही हेच चित्र दिसते. रेल्वेत कुत्रा न्यायचा तर वातानुकूलित प्रथम वर्गातील संपूर्ण कूपे किंवा केबिन राखून ठेवावी लागते, नाहीतर त्याची रवानगी ब्रेकव्हॅनमधील ‘डॉग बॉक्स’मध्ये होते. लोखंडी पेटीतील तो खडखडाट कुत्र्यालाही सोसत नाही. सशाला तेथे ठेवण्याचा विचारही करू नये. विमानप्रवासाचे दार ‘अकासा एअर’ने नोव्हेंबर २०२२ मध्ये पाळीव प्राण्यांना उघडले, परंतु ते कुत्रा आणि मांजर यांच्यापुरतेच. एसटीने जायचे असल्यास ऐनवेळी वाहकाशी हुज्जत घालण्यापेक्षा आगारात आधी चौकशी केलेली बरी. सारांश, सशासाठी स्वतःचे किंवा भाड्याचे वाहन हाच काय तो मार्ग उरतो.

तेथेही कायद्याची नजर आहेच. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ नुसार, अनावश्यक वेदना होतील अशा रीतीने प्राण्याची ने-आण करणे किंवा त्याला हालचाल करता येणार नाही एवढ्या लहान पिंजऱ्यात कोंडणे हा गुन्हा आहे. भाजीच्या पिशवीत किंवा भोके पाडलेल्या खोक्यात सशाला कोंबून नेणाऱ्यांनी हे जाणून घ्यावे.

थंड हवा, पण अनोळखी जागा

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरहून उंच आहे. तेथील हवा सशाला मानवेल, असा युक्तिवाद केला जातो. तो अर्धाच खरा आहे. हवा मानवते, पण तेथे पोहोचेपर्यंतचा रस्ता मानवत नाही. सांगलीहून कऱ्हाड, सातारा करीत वर चढायचे म्हणजे काही तासांचा प्रवास झाला. त्यात वाईपुढच्या पसरणी घाटाची वळणे आली. सशाला उलटी होऊ शकत नाही. त्यामुळे गाडी लागल्याचा त्रास बाहेर दिसत नाही आणि त्याने खाणे सोडले हे घरच्यांच्या लक्षात येते ते मुक्कामी पोहोचल्यावर.

मुक्कामाच्या ठिकाणी दिवसभर सारे कुटुंब पॉइंट पाहत हिंडते आणि ससा खोलीत कोंडलेला राहतो. विजेच्या वायरी कुरतडण्याची त्याची सवय परक्या खोलीत अधिकच धोक्याची ठरते. बाहेर मोकळे सोडावे तर माकडांचा आणि भटक्या कुत्र्यांचा उपद्रव. सायंकाळी मुले कौतुकाने त्याच्यापुढे स्ट्रॉबेरी धरतात. एखादा तुकडा चालतो, परंतु गोड फळांचा भडिमार त्याचे पोट बिघडवतो.

आणि पोट बिघडलेच तर? तालुक्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, पण तेथील कामाचा मुख्य भर गायी-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्यांवर असतो आणि ते स्वाभाविकच आहे. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. मात्र शिरवळ जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, खंबाटकी घाटापलीकडे आहे. तासांचा हिशेब असलेल्या आजारात हे अंतर थोडे नव्हे. म्हणून ससा न्यायचाच असेल, तर खोली ठरवण्याआधी सशावर उपचार करू शकणारा डॉक्टर जवळपास कुठे आहे, याची खात्री करून घेणे श्रेयस्कर.

मागे ठेवायचा तर कुणाकडे?

चार-आठ दिवसांच्या सहलीसाठी ससा आपल्याच घरात, आपल्याच जागी राहणे हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग होय. परंतु ‘ताटलीत गाजरे टाकून ठेवली आहेत, मधूनमधून बघा,’ असे शेजारच्या काकूंना सांगून निघणे म्हणजे व्यवस्था नव्हे. दिवसातून किमान दोन वेळा कुणीतरी यायला हवे. स्वच्छ पाणी, हरळी किंवा वाळलेले गवत, जागेची सफाई एवढे तर हवेच. त्याबरोबरच ससा खातो का आणि लेंड्या टाकतो का, हे पाहणारी नजर हवी. उन्हाळ्यात जागा सावलीची व वारा खेळता असलेली असावी. वीज गेली तर गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवण्याची युक्ती काकूंना आधीच दाखवून ठेवावी. डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक आणि चार पैसेही त्यांच्या हवाली करावेत. उपकार मागताना खर्चाचा भार त्यांच्यावर टाकणे योग्य नव्हे.

मोठ्या शहरांत प्राणी सांभाळणाऱ्या जागा निघाल्या आहेत, पण तेथील सारी रचना बहुधा कुत्र्या-मांजरांसाठी असते. शेजारच्या पिंजऱ्यात रात्रभर भुंकणारा कुत्रा असेल, तर सशासाठी ती जागा सुरक्षित म्हणता येणार नाही.

या दोन मार्गांखेरीज तिसरा एक मार्ग काही जण पत्करतात. त्याविषयी स्पष्टच बोलायला हवे. सुट्टीची अडचण झाली म्हणून ससा शेतात, माळावर किंवा जंगलाच्या कडेला ‘मोकळा’ सोडून देणे, हा तो मार्ग. त्यामागे पाळीव ससा आणि रानससा एकच, अशी समजूत असते. ती साफ चुकीची आहे. आपल्या माळरानावरील रानससा हा वेगळ्या प्रजातीचा, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने संरक्षण दिलेला प्राणी आहे. त्याची पिले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्माला येतात. घरातील पांढरा ससा मूळच्या युरोपीय सशाचा वंशज. त्याची पिले उघडी आणि डोळे मिटलेली असतात. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला, पांढऱ्याशुभ्र रंगामुळे दुरूनही दिसणारा हा जीव माळावर कुत्र्याच्या किंवा कोल्ह्याच्या तावडीत लवकरच सापडतो. जगलाच, तरी ते निसर्गाच्या भल्याचे नाही. ऑस्ट्रेलियात १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन याने शिकारीच्या हौसेसाठी दोन डझन ससे सोडले आणि त्या देशाने त्याची किंमत पिढ्यान्‌पिढ्या मोजली. प्राण्याला असे वाऱ्यावर सोडणे हाही कलम ११ खाली गुन्हाच आहे. त्याला पहिल्या वेळी दंड आहे दहा ते पन्नास रुपये! सहा दशकांपूर्वीचा हा आकडा सशाच्या आठवड्याच्या चाऱ्याहूनही कमी भरेल. धाक कायद्याचा उरलेला नाही. मनाचा असेल तेवढाच.

नाइलाजाचा प्रवास

येथपर्यंतचा विचार कुठल्याही गावाला लागू पडला असता. सातारा-सांगलीला मात्र आणखी एक परिमाण आहे. महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कोयनेला भेटून सांगलीत येते. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांनी सांगलीकरांना घरे सोडायला लावली. आयर्विन पुलाजवळ चाळीस फुटांवर इशारा आणि पंचेचाळीस फुटांवर धोक्याची पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेले. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता या सखल भागांत तर इशारा पातळीची वाटही पाहता येत नाही. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या, तेव्हा माणसांनाही सावरायला वेळ मिळाला नाही.

माणसांचे जीव टांगणीला लागले असता सशाचे काय घेऊन बसलात, हा आक्षेप येथे रास्त आहे. बचाव पथकाच्या बोटीत आधी माणूस चढेल आणि तेच योग्य. परंतु पुराचा अनुभव असा, की गोठ्यातील जनावरांपायी घर न सोडणारी माणसे उशीर करतात आणि तो उशीर पुढे त्यांच्याच जिवावर बेतू शकतो. अमेरिकेत २००५ च्या ‘कॅटरिना’ चक्रीवादळात पाळीव प्राण्यांना सोडून निघायचे नाही म्हणून अनेक जण घरातच थांबले. त्यातून धडा घेऊन त्या देशाने २००६ मध्ये कायदा केला आणि आपत्तीच्या आराखड्यात पाळीव प्राणी असलेल्या कुटुंबांचा विचार करणे स्थानिक यंत्रणांना भाग पाडले. आपल्याकडे पूरकाळात गुरांसाठी चारा-निवाऱ्याची चर्चा होते. घरातल्या लहान प्राण्यांचा विचार त्या घरालाच करावा लागतो.

तो विचार पाणी दारात आल्यावर सुचत नाही. यासाठी पावसाळ्यापूर्वीच हवेशीर, घट्ट झाकणाची, तळाशी न घसरणारे कापड घातलेली टोपली घ्यावी. ती घरातच उघडी ठेवून त्यात गवत टाकावे, म्हणजे ससा आपणहून आत जाऊ लागतो. उचलताना पुठ्ठ्याखाली हात घ्यावा. घाबरून झाडलेल्या लाथेने त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. पाच-दहा मिनिटांची फेरी अधूनमधून घडवावी. उंचावरच्या कुण्या नातेवाइकाकडे तो राहू शकेल, हे आधीच बोलून ठेवावे आणि नदी इशाऱ्याकडे सरकू लागताच, बोटीची वेळ येण्याआधी, त्याला तेथे पोहोचवावे. घरदार हलवण्याच्या गडबडीत एक टोपली कमी झालेली असली, की माणसेही लवकर निघतात.

दोन्ही प्रवासांचा हिशेब असा परस्परांशी जोडलेला आहे. जो ससा टोपलीला सरावलेला आहे, ज्याच्या मुक्कामी आपलेच माणूस दिवसभर थांबणार आहे आणि जवळ डॉक्टर आहे, त्याला थंडीच्या दिवसांत आजोळी नेण्यास हरकत नाही. बाकीच्यांनी त्याला घरी, जाणत्या माणसाच्या हवाली करूनच निघावे. आणि ज्यांच्याकडे असे माणूस नाही, त्यांनी मुलांच्या हट्टापुढे मान तुकवण्याआधी एवढे ध्यानात ठेवावे, की नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षे जगतो. तितक्या वर्षांच्या सुट्ट्यांचा आणि पावसाळ्यांचा विचार तो विकत घेण्याच्या दिवशीच व्हायला हवा.